कॉफी झाल्याशिवाय उठायचं नाही

रोज सकाळी झुम्राआत्या पितळी हातचक्कीचं खालचं झाकण उघडायची, दळलेल्या कॉफीची चिमूट घ्यायची, अंगठा आणि बोटामध्ये चोळायची आणि नाकाशी धरायची. बिया तिनेच आणलेल्या असत, हिरव्या, न भाजलेल्या. भाजलेल्या तिनेच, दळलेल्याही तिनेच. तरी ती वास घ्यायची. मग आजच्या दिवसापुरतं कुणाला तरी सोडून दिल्यासारखी मान हलवायची आणि लांब दांड्याची तांब्याची जेझवा शेगडीवर चढवायची. तबकात बिनकानाचे छोटे पेले तीन. घरात माणसं दोनच. तिसरा पेला न सांगता येणाऱ्या पाहुण्याचा, तो आमच्याकडे सगळ्यांच्याच तबकात असतो. आत्या मात्र तो मांडताना दाराकडे अशी बघायची, की येणारा कशासाठी येणार आहे हे तिला आधीच ठाऊक असावं.

बाजारात टोमॅटो विकणाऱ्याचा तिला संशय होता, विजेचं मीटर बघायला येणाऱ्याचा होता, शेजारच्या मुनेवेराचा तर लग्नाआधीपासून होता. आमच्या त्राव्निक गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात ती सगळी नोकरी तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. समोर कोट आला, की पहिल्यांदा उलटा करायचा. बाहेरून सगळेच कोट चांगले दिसतात, ती सांगायची, शिवणारी बाई कुठे कंटाळली ते अस्तरात कळतं. कारखाना बंद पडला, टेबल गेलं, पण हात तसेच राहिले. कुणाच्याही घरी गेली तरी गप्पा मारता मारता सोफ्याच्या उशीची शिवण बोटांनी चाचपून बघायची.

कॉफीबद्दलच्या संशयाला मात्र कारण होतं. युद्धाच्या वर्षांत तिने मसूर काळे पडेपर्यंत भाजले होते, दळले होते आणि त्याचीच कॉफी करून पाहुण्यांपुढे ठेवली होती. पाहुणे प्यायले, छान झालीय म्हणाले, दुवा देऊन गेले. "मी फसवलंय, म्हणून मला कळतं कसं फसवतात," हे ती थोड्या अभिमानानेच सांगे. तेव्हापासून तिच्या घरात जेझवेला तिच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने मदत म्हणून दांड्याला हात घातला होता. आत्याने तो हात उचलून बाजूला ठेवला, जसं कुणी टेबलावरचा चमचा उचलून ठेवतं.

नूरियाकाका अगदी उलट. ते त्राव्निक ते झेनित्सा बस चालवायचे. थांब्याकडे पिशव्या घेऊन धावत येणारी बाई आरशात दिसली, की बस थांबलीच. सगळ्यांवर विश्वास ठेवायचा हा त्यांचा स्वभाव. दोघांच्या वाटणीचा संशय आत्या एकटी सांभाळून होती, त्यामुळे संसार नीट चालला.

मग काकांना विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग वाटा, मग घर. ते चिडत नव्हते, आरडाओरडा करत नव्हते. फक्त आपल्याच घरात पाहुणे झाले. सोफ्याच्या कडेला पाय जुळवून बसायचे, थोड्या वेळाने उठायचे, खुंटीवरची काळी टोपी घालायचे, छातीवर हात ठेवायचे आणि आत्याला म्हणायचे, "बराच वेळ बसलो. आता निघतो. तुमचीही कामं असतील."

आत्या सुरुवातीला हसली. "कुठे निघालास? हे घर तुझंच आहे, कर्ज काढून तूच बांधलंस." ते सभ्यपणे मान डोलवायचे आणि बूट शोधायचे. मग ती रागावली. मग दारापुढे उभी राहू लागली. एकदा अशाच एका संध्याकाळी ते उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, हात पिठात. तिथूनच ओरडली, "कॉफी ठेवलीय."

काका परत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आमच्याकडे कॉफी न घेता पाहुणा उठत नाही. उठला तर त्या घराची कॉफी पिण्यालायक नाही असं सांगितल्यासारखं होतं. काका बायकोचं नाव विसरले होते, पण हे विसरले नव्हते. आत्याच्या हाताला किल्ली लागली. त्या दिवसापासून कॉफी सतत येत राहिली आणि कधी आली नाही. "येतेच आहे." "उकळी फुटतेय." "साखरेच्या वड्या संपल्या, आणायला पाठवलंय." सकाळी एकदा, दाराला कडी घालून, ती त्यांना खरी कॉफी द्यायची. स्वतःची दुसरी आणि तिसरी स्वयंपाकघरात, दार लोटून, उभ्याने प्यायची. घरभर कॉफीचा वास आणि बाहेरच्या खोलीत गुडघ्यावर टोपी ठेवून वाट बघणारा माणूस. मी गेले की काका मला हळूच सांगायचे, "बाई चांगल्या आहेत, पण कॉफीला फार वेळ लावतात."

रात्री ती झोपत नसे. त्यांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसे, कारण झोपेतून उठलेल्या पाहुण्याला कॉफीचंही सुचत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी त्याच खुर्चीत तिचा डोळा लागला. काका सापडले बस डेपोत, झेनित्साची गाडी पूर्वी जिथे लागायची त्या जागी, बर्फात उभे. दोन्ही कान निळे पडले होते. ते एका ड्रायव्हरला समजावत होते की गाडी वेळेवर सुटायला हवी.

परदेशातल्या लिंट्सहून मुलाचा, एन्वेरचा, फोन आला. तो रडला, मग म्हणाला, आता त्यांना सांभाळणारं एखादं केंद्र बघायला हवं. आई, तू म्हणशील ते. आत्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मी म्हणेन ते म्हणे. म्हणजे दोष माझ्याकडे." थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी कधी काढतेस?"

तिला भीती एकाच गोष्टीची होती. तिथे औषध देऊन गुंगवून ठेवतात. माणूस उठत नाही, निघतो म्हणत नाही, आणि घरच्यांना सांगतात, छान रुळलेत हो. नूरिया असा गुंगीत बसलेला तिला नको होता. आणि घरी ठेवला तर पुढच्या बर्फात कानांवर भागणार नव्हतं. या दोहोंमधून तिला निवडायचं होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर. तिने तर आयुष्यात कुणाच्या शब्दावर भाजीसुद्धा घेतली नव्हती.

पहिलं केंद्र गावाबाहेर, नवंकोरं, काचेचं. आत लॅव्हेंडरचा वास. "एवढा वास कशाला लागतो?" आत्या माझ्या कानात म्हणाली. व्यवस्थापक गोड होता, सूट घातलेला. आम्ही खुर्च्यांवर टेकतो न टेकतो तोच एक मुलगी तबक घेऊन आली. पेले आधीच भरलेले. जेझवा कुठेच नाही.

आमच्याकडे पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी निरोपाची. स्वागताची कॉफी समोर ओतून देतात. आतूनच भरून आणलेली, काही न विचारता पुढे ठेवलेली, ती शेवटची, म्हणजे आता उठा. त्या माणसाच्या मनात तसं काही नसणार, मुलीला यंत्राचं बटण दाबायला सांगितलं असणार. पण आत्याने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अजून बसलोही नाही, तर घालवायला निघालात?"

तो गोंधळला. साखर कमी आहे का, विचारू लागला. तोवर आत्या एका खोलीत शिरून पांघरुणाची कड उलटून बघत होती. शिवण सरळ होती, ती मला गाडीत म्हणाली. पण खोलीत बसलेल्या बाईने तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. "कुणी आपल्या पांघरुणाला हात लावला आणि आपण बघत नाही, असं होतं का कधी?" मलाही ती बाई आठवत होती. पहिल्यांदाच वाटलं, आत्या उगाच संशय घेत नसेल.

दुसरं केंद्र व्लाशिच डोंगराच्या उतारावर, एका जुन्या शाळेत. चालवणारी शेवाला नावाची विधवा, रुंद खांद्यांची, उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली. फोनवर तिने सांगितलं होतं, त्यांनाही घेऊन या, राहायचं त्यांना आहे. हेच आत्याला खटकलं. "आपल्याला मोकळं फिरू द्यायचं नाही म्हणून. एक डोळा त्यांच्यावर ठेवायला लागेल ना."

तरी ती मोकळी फिरलीच. लांबोळ्या वर्गात मधोमध शेगडी होती, भोवती सात-आठ म्हातारी माणसं. काकांना तिथे माझ्याजवळ बसवून आत्या तपासणीला निघाली. मलाही पाच मिनिटांत हाक आली, गाद्या उचलायला. तिने गाद्यांचं पोट पाहिलं, टॉवेल हुंगले, औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. स्वयंपाकघरात पालकाची पिता, पालक भरलेली पापुद्र्यांची रोटी, भाजली जात होती, तिचा एक कोपरा मोडून खाल्ला. "मीठ बरोबर आहे," ती म्हणाली, नाइलाज झाल्यासारखी.

परत आलो तेव्हा काका शेगडीजवळ बसले होते. पुढ्यात रिकामा पेला. कॉफी होऊन गेली होती.

आत्या दाराशीच थांबली. कॉफी झाली म्हणजे आता टोपी, छातीवर हात, निघतो. ती वाट बघत राहिली. काका उठले नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याला ते काहीतरी सांगत होते, गिअरबद्दल, हाताने दाखवत. टोपी खुंटीवर होती. दूर, पलीकडच्या भिंतीवर. बराच वेळ गेला तरी तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आत्याचा चेहरा बदलला. मला आधी वाटलं, आनंद झाला. तिने पुढे होऊन तबकातली जेझवा उचलली, तळाशी उरलेली कॉफी एका पेल्यात ओतली, वास घेतला आणि गाळासकट पिऊन टाकली.

"मावशी, थंड झाली असेल, ताजी करते," शेवाला म्हणाली.

"हीच बघायची होती," आत्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर पहिलं वळण घेईपर्यंत ती झोपली होती. तोंड उघडं, डोकं काचेवर, रुमाल घसरलेला. मागे काका खिडकीतून रस्त्याकडे बघत होते आणि मला सांगत होते, इथे दुसरा गिअर टाका. घरापुढे गाडी थांबली तेव्हा तिला जाग आली. तिने हातावरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि विजयाने नव्हे, घाबरून म्हणाली, "बघितलंस? त्या एका घोटात मी अशी, तर तो पेलाभर प्यायलाय."

मी म्हटलं, आत्या, तू किती महिने झोपली नाहीस. गाडी गरम होती. तू कुठेही झोपली असतीस.

"माझी झोप मला कळते."

"मग काका का नाही झोपले? ते तर मला गाडी शिकवत होते."

तिने घसरलेला रुमाल नीट बांधला. पण तपासणीतला माल एकदा शंकास्पद ठरला, तर तो तसाच परत पाठवत नाहीत, पुन्हा तपासतात. हे तिचंच. आठवड्याभराने, न कळवता, काकांना घेऊन आम्ही पुन्हा त्या चढावर होतो. या वेळी तिच्या मांडीवर गाठोडं होतं. तिच्या बिया, तिची चक्की, तिची जेझवा, तिचे पेले, बाटलीत घरचं पाणी. पाण्यातही औषध टाकता येतं, असं तिचं म्हणणं.

शेवाला हसली नाही की चिडली नाही. शेगडीवर जागा करून दिली. "करा की. माझा हात अजून धड नाही, तेवढंच बरं." आत्याने सगळ्यांसमोर बिया दळल्या, चिमूट घेतली, हुंगली, मान हलवली. कॉफी वर आली, फेस धरला. तिने जेझवा तबकात ठेवली, दांडा स्वतःकडे. आता ती ओतणार, तेवढ्यात शेवालाने डाव्या हाताने तबक उचललं आणि सरळ काकांपुढे नेऊन ठेवलं.

"नूरिया-आगा, ओता. माणसं खोळंबलीत."

"त्याला काय कामाला लावता?" आत्या उभी राहिली. "भाजेल तो. इथे आजाऱ्यांकडून कामं करून घेता होय? त्या दिवशीही यानेच ओतली?"

"हो मग," शेवाला म्हणाली. "माझं मनगट मुरगळलंय, आणि यांचा हात सगळ्यांत स्थिर दिसला. नको होतं का?"

आत्या पुढे सरकली, तो हात उचलून बाजूला ठेवायला. पण काकांनी दांडा धरला होता. त्यांनी आधी चमच्याने फेस काढून एकेका पेल्यात वाटला, कुणाला कमी कुणाला जास्त न होऊ देता. मग ओतली, हलकेच, धार न तोडता, चढावर बस नेल्यासारखी. एक थेंब बाहेर पडला नाही. प्रत्येकापुढे पेला सरकवताना ते म्हणत होते, घ्या, घ्या. स्वतःला सगळ्यांत शेवटी. मग त्यांनी वर पाहिलं. समोर एक बाई उभी होती, हात अर्धवट पुढे आलेला.

"पहिल्यांदाच आलात?" ते म्हणाले. "शेगडीजवळ बसा. उभ्याने कॉफी पितात का कुणी?"

आत्या बसली. पाय जुळवून, खुर्चीच्या कडेला. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि मला कळलं की युद्धानंतर पहिल्यांदाच कुणीतरी दुसऱ्याने ओतलेली कॉफी, वास न घेता, ती पीत होती.

कॉफी संपली. काका उठले नाहीत. ज्याच्या हातात जेझवा, त्याचं घर. आणि घरमालक टोपी घालून कुठे जाणार? आत्या त्यांच्याकडे बघत होती. दोन वर्षं तिने त्या माणसाला कॉफीची वाट बघायला लावून घरात राखलं होतं, आणि दांडा एकदाही त्याच्या हातात दिला नव्हता. पेला खाली ठेवताना तो बशीवर जरा जास्तच वाजला.

निघताना तिने शेवालाला बाजूला घेतलं. मला वाटलं, औषधांचं विचारेल, कुलपांचं विचारेल.

"तुमचं मनगट बरं होईल," ती म्हणाली. "झालं तरी ओतायचं यानेच."

"हो, मावशी."

"हो म्हणायला काय जातं. मी येऊन बघणार आहे."

काका तिथे राहिले. आणि ती आली, दर बुधवारी, दर शनिवारी, बसने, गाठोडं मांडीवर घेऊन. बिया तिच्याच. शेवालाच्या कॉफीत बार्ली असते हा नवा संशय तिने शेवटपर्यंत सोडला नाही. काकांच्या गादीची शिवण ती दर महिन्याला बघायची. औषध देणाऱ्या मुलीला गोळीचं नाव विचारायची, पुढच्या वेळी तेच नाव पुन्हा विचारायची, उत्तर जुळतं का बघायला. एकदा काका दुपारी पेंगताना दिसले तर तिने त्यांच्या उशाला उभं राहून ते जागे होईपर्यंत कोट काढला नाही. जागे झाल्यावर ते म्हणाले, "पहिल्यांदाच आलात?" ती म्हणाली, "हो, वाट चुकले जरा." हे उत्तर ती दर खेपेला बदलायची. कधी बस बिघडली, कधी मुनेवेराने पाठवलं. ते प्रत्येक वेळी तिला शेगडीजवळची खुर्ची द्यायचे.

स्वागताची कॉफी व्हायची, गप्पांची व्हायची. ऊन डोंगरामागे गेलं, की काका तिसरी ओतायचे. त्यांना तिचा अर्थ आठवत होता की हाताला सवय होती, कुणास ठाऊक. आत्या ती हळूहळू प्यायची, पेल्यात गाळच उरेपर्यंत. मग उठायची, छातीवर हात ठेवायची. "बराच वेळ बसले. निघते आता." काका दारापर्यंत यायचे. घरी मात्र तबकात पेले तीनच राहिले; आता दोघे न सांगता येणारे होते.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, शनिवारी सकाळी, ती उठली नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. मुनेवेराला कळलं ते चक्कीचा आवाज आला नाही म्हणून. लग्नाआधीपासून जिचा संशय होता, तीच रोज सकाळी भिंतीला कान लावून होती. आत्याला कळलं असतं तर म्हणाली असती, मला माहीतच होतं.

आम्ही काकांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट झालं म्हणाले, आम्हाला बसवलं आणि ओतली. शेवालाच्या डब्यातली होती. मी चिमूट मागून घेतली आणि नाकाशी धरली. बार्ली असेलही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आत्याचा मला फोन आला होता. बिया संपत आल्या होत्या आणि मी बाजारात जाणार होते. एन्वेरचं काय चाललंय, थंडी लवकर पडली, माझ्या गाडीचा आवाज कसला येतो, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "अर्धा किलो आण. दुकानदार पुढच्या पोत्यातलं देईल, ते घेऊ नकोस, मागच्यातलं माग. आणि पैसे द्यायच्या आधी वास घे, त्याच्यासमोर, त्याला दिसेल असा."